शेवटच्या कडव्यातलं नाव

त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एका बाईचं नाव होतं. त्या नावाचा माग काढत आम्ही दोघी ठाण्याच्या वागळे इस्टेटला पोचलो.

गाणं माझ्या भाचीला सापडलं. ती उल्हासनगरला कॉलेजात शिकते आणि तिच्या कानात सदैव रॅप चालू असतं. माही जी या नावाने गाणारी मधुरा घाणे तिची फार लाडकी. महादेव कोळी समाजातली ही मुलगी आपल्या माणसांच्या जंगल-जमिनीवर स्वतः लिहिते आणि स्वतःच गाते, याचं भाचीला भारी अप्रूप. एका रात्री जेवण झाल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘मावशी, हे तुझ्याकडचं आहे बघ.’

गर्दीत उभं राहून कुणीतरी घेतलेलं ते चित्रण होतं. स्पीकर जवळ असावा, कारण आवाज फाटत होता. मागे पत्र्याची शेड, वर निळ्या पताका, आणि माईकसमोर पांढऱ्या साडीतली एक बाई. हातवारे नाहीत, डोळे मिटणं नाही, समोरच्या माणसाला काहीतरी समजावून सांगावं तशी ती गात होती. गाण्यातली बाई दुसरी पाळी करून रात्री घरी निघाली आहे. रस्ता सामसूम, बस रिकामी आहे. सोबत कुणी नाही म्हणून ती बाबासाहेबांशी बोलत चालली आहे: आज सुपरवायझर काय म्हणाला, पोरगी नववीत गेली, तिला शिकवणी लावायची की नाही. बाबासाहेबांवरची गाणी मी जन्मापासून ऐकत आले. पण त्यांच्याशी घरखर्चाचा हिशेब बोलणारं गाणं मी ऐकलं नव्हतं. ते मी पुन्हा पुन्हा लावलं.

चित्रण इतक्या हातांतून फिरून आलं होतं की मूळ कुणाचं, कुठलं, काही कळायला मार्ग नव्हता. होतं ते फक्त शेवटच्या कडव्यातलं नाव. आमच्या कल्याण पूर्वेला एक म्हातारे ढोलकीवाले आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेक गायनपार्ट्यांबरोबर त्यांनी कधी ना कधी वाजवलंय. त्यांनी गाणं अर्ध्यावरच थांबवलं. ‘ही वागळेची. कंपनीत आहे. शनिवारी तिचा कार्यक्रम आहे, तिथंच जा ना. फोनवर काय ऐकता?’

हे कल्याणात कुणी सांगावं यात नवल नाही. गायक प्रल्हाद शिंदे कल्याणचे. त्यांचे मुलगे आनंद-मिलिंद आणि पुढची पिढीही इथलीच. आमच्या चाळीत एप्रिल उजाडला की एका घरातली कॅसेट संपायच्या आत दुसऱ्या घरातली सुरू व्हायची. गायकांची नावं पोरासोरांना पाठ होती. गीतकाराचं नाव कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात असायचं, पण ते शोधायची गरज पडत नसे, कारण ते गाण्यातच यायचं. वामनदादा कर्डकांचं गाणं शेवटच्या कडव्याला आलं की ‘वामन’ येणार हे आम्ही धरूनच चालायचो, आणि ते आलं की मोठी माणसं मान डोलवायची. लहानपणी अक्षरओळख नसलेला, मुंबईत मजुरी करता करता लिहा-वाचायला शिकलेला हा माणूस १९४३ साली पहिलं गीत लिहितो आणि २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाण्यांत आपलं नाव गुंफून ठेवतो. छापलेलं पुस्तक हरवतं, कॅसेटची फीत तुटते, पण कडव्यात बसलेलं नाव गाणाऱ्याच्या तोंडून निघतंच. त्या नावांत बाईचं नाव मात्र मी ऐकलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला बसायला जागा मिळते. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत मात्र माणसं लोंबकळत असतात. दिवा गेलं, मुंब्र्याचा डोंगर आणि खाडी गेली, कळवा गेलं. ठाण्याला पश्चिमेला उतरून सॅटिसच्या पुलाखालून आम्ही शेअर रिक्षा पकडली. रिक्षावाल्याचा एकच प्रश्न, ‘बावीस नंबर का सोळा नंबर?’ वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना नंबर आहेत. बाहेरच्या माणसाला ते परकं वाटतं, पण इथल्या लोकांच्या तोंडी बावीस नंबर, सोळा नंबर हे गावातल्या आळीच्या नावासारखं सहज येतं.

हे नंबर कारखान्यांच्या भूखंडांबरोबर आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची घोषणा झाली ती याच वागळे इस्टेटमध्ये. आज राज्यभर ‘एमआयडीसी’ म्हणतात त्याची सुरुवात इथली. मग मराठवाडा, खानदेश, कोकण, घाट, सगळीकडून माणसं आली. भूखंड कंपन्यांना मिळाले. माणसांनी आपली जागा शेजारच्या उतारावर, नाल्याच्या कडेला शोधली. किसननगर, साठेनगर, इंदिरानगर, रामनगर अशी वस्ती वाढत गेली. पुढे कित्येक कंपन्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या आयटी इमारती उभ्या राहिल्या. रिक्षातून जाताना एका बाजूला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं चहाच्या टपरीभोवती दिसतात, दुसऱ्या बाजूला गाळ्यांच्या अर्ध्या उघड्या शटरखालून लेथचा आवाज येतो. पासपोर्टच्या कामाला ठाणे जिल्ह्यातली माणसं इथे येतात आणि शिक्का पडला की निघून जातात. रात्रीचं वागळे त्यांना दिसत नाही.

वागळेची हद्द मुलुंडला लागून आहे. चेकनाक्याचा फलक दिसला तसा भाचीला मी विलास घोगरेंबद्दल सांगितलं. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मारली गेली. मुलुंडच्या वस्तीत राहणाऱ्या घोगरे या शाहिराला ते सोसलं नाही. चार दिवसांनी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांचा माग घेत आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. एका शाहिराच्या जाण्यापासून सुरू झालेला तो चित्रपट शेवटाकडे पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण पोरांपाशी येतो, आणि तिथे शीतल साठे दिसते. डफावर थाप पडते, ती तोंड उघडते आणि बघणारा सरळ बसतो. मी तो चित्रपट एका हॉलमध्ये दाटीवाटीने पाहिला होता. ती गायला लागली तेव्हा माझ्या शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून बसली होती.

शीतल साठे स्वतः लिहिते, चाल लावते, गाते. नक्षलवादाच्या आरोपांवरून कबीर कला मंचाच्या कलावंतांमागे तपास लागला, काही जण भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी ती आणि तिचे पती सचिन माळी विधानभवनासमोर येऊन उभे राहिले आणि अटक करवून घेतली. तेव्हा ती गरोदर होती. जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. सचिन माळींना जामिनासाठी २०१७ उजाडलं. त्यानंतर ‘नवयान’ महाजलसा घेऊन ती गावोगाव गात राहिली. कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय, स्वतःच्या शब्दांवर उभी राहिलेली बाई म्हणून माझ्या पिढीला पहिलं नाव तिचंच आठवतं.

कार्यक्रम एका गल्लीच्या तोंडाशी होता. बाबासाहेबांची जयंती होऊन गेली होती, पण जयंतीचे कार्यक्रम एका दिवसात संपत नाहीत. मंडळामागून मंडळं आपापला वार धरतात आणि एप्रिल-मे गाण्यात जातो. लाकडी फळ्यांचं स्टेज, मागे बाबासाहेब, सावित्रीबाई आणि रमाईचा बॅनर, पुढे भाड्याच्या खुर्च्या आणि खुर्च्यांच्या पुढे सतरंजीवर बायका-पोरं. त्रिसरण-पंचशील झालं. मग सत्कार. नगरसेवक झालेले, होऊ पाहणारे, वर्गणी मोठी दिलेले, डेकोरेशनवाले, सगळ्यांना शाल मिळाली. भाची कंटाळली. मला ते चालतं. या माणसांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली नसती तर स्टेज लागलं नसतं.

बाई पार्टीसह बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. ढोलकीवाला, कीबोर्डवाला, पॅडवर एक मिसरूड फुटलेला पोरगा आणि कोरसला दोघीजणी, एक तिची नणंद आणि एक गल्लीतली मुलगी. सूत्रसंचालकाने ‘शाहिरा’ म्हणून तिचं नाव पुकारलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ‘स्टेजवर घ्या, छापू नका, कंत्राटी आहे मी,’ असं तिने मला बजावलं आणि ते कारण मला समजतं.

सुरुवात वामनदादांच्या गाण्याने, तो रिवाज. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. फर्माइशीची चिठ्ठी स्टेजवर गेली की ती टाळता येत नाही. चिठ्ठ्या सगळ्या गाजलेल्या गाण्यांच्या: शिंद्यांची गाणी, कडुबाई खरातांची गाणी. छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांतून एकतारीवर गात फिरणाऱ्या कडुबाई फोनवरच्या चित्रणामुळे घराघरांत पोचल्या. त्यांची गाजलेली गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत, पण आवाज आणि एकतारी ही त्यांचीच. स्टेजवरच्या बाईने ती गाणी मन लावून गायली. घाई नाही, नाराजी नाही. पण घड्याळ पुढे सरकत होतं. दहाला स्पीकर बंद करावा लागतो. बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना असते आणि तो दिवस होऊन गेला होता.

मी पर्समधून कागद काढला. आम्हाला गाण्याचं नावही माहीत नव्हतं. भाचीने लिहिलं, ‘ताई, तुमचं स्वतःचं, दुसऱ्या पाळीचं.’ चिठ्ठी पुढच्या पोराच्या हातून स्टेजवर गेली. बाईने ती उघडली, वाचली, पुन्हा वाचली. मग माईकमध्येच विचारलं, ‘कुणी लिहिलं हे?’ भाचीने हात वर केला. ‘कुठून आलीस?’ ‘कल्याणहून.’ बाई ढोलकीवाल्याकडे वळून काहीतरी बोलली, त्याने वादी ताणली आणि ते गाणं सुरू झालं.

फोनवर जे ऐकलं होतं त्यात बाई बसने येते. इथे ती चालत येते, कारण रस्ता खोदलाय आणि थांबा हलवलाय. हे नवं होतं. गल्लीतल्या बायका त्या ओळीला खळखळून हसल्या, त्या सगळ्या त्याच खोदलेल्या रस्त्यावरून आल्या होत्या. पोरीच्या शिकवणीचं कडवं आलं तेव्हा बाईने ओळ अर्धी सोडली आणि सतरंजीवरच्या बायकांनी ती पुरी केली. ती शांत उभी राहून ऐकत होती. ढोलकीने तिथे ठेका निम्मा केला. फाटक्या आवाजातल्या त्या चित्रणात हे काहीच कळलं नव्हतं: एका शब्दापाशी ती किती थांबते, कोरसवाल्या नणंदेकडे कशी बघते, आणि ‘सुपरवायझर’ हा शब्द आला की मागच्या रांगेतले पुरुष कसे खाली बघतात. मग शेवटचं कडवं आलं आणि तिने आपलं नाव घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला.

एक म्हातारी उठून स्टेजपाशी गेली, पन्नासाची नोट बाईच्या डोक्यावरून ओवाळून तिच्या हातात दिली. मग रांगच लागली. सूत्रसंचालक माईकवर देणाऱ्याचं नाव घेत होता, कुठली गल्ली तेही सांगत होता. वीस रुपये देणारीचं नावही शंभर देणाऱ्याइतक्याच मोठ्याने. मीही दिले, आणि कल्याणचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला फार बरं वाटलं. या नोटा कीबोर्डवर जमतात, रात्री पार्टीत वाटल्या जातात. मंडळाची बिदागी गाडीभाडं आणि साऊंडमध्येच संपते, असं मला नंतर कीबोर्डवाल्याने सांगितलं. या गाण्याला कंपनी नाही, प्रायोजक नाही. गाणाऱ्या बाईला पुढच्या गाण्यापर्यंत पोचवते ती ही सतरंजीवरची मंडळी.

सुरुवातीच्या आंबेडकरी जलशांत बाईला जागाच नव्हती. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले तेव्हा तमाशापासून अंतर ठेवायचं होतं, म्हणून बाईची भूमिकाही पुरुषच करत. त्यामागची कळकळ खरी होती. पण गाणं बाईच्या घरात आधीपासून होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. जलशाचं स्टेज बंद होतं तेव्हाही जातं फिरत होतं. तमिळनाडूतही असंच. चेन्नईच्या वस्त्यांतला ‘गाना’ हा पुरुषांचा मानला जाई. ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’मधून इसैवाणी तो गाऊ लागली आणि २०२० मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव आलं.

दहाला पाच मिनिटं असताना साऊंडवाल्याने खूण केली आणि कार्यक्रम थांबला. आम्ही स्टेजमागे गेलो. बाई चहा पीत होती. भाचीने सरळ विचारलं, ‘ताई, गाणं बघायला मिळेल?’ तिने पिशवीतून वही काढली.

लांब, दोनशे पानी वही, खाकी कव्हरवर प्लॅस्टिक. प्रत्येक गाण्याच्या वर तारीख आणि डाव्या कोपऱ्यात ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या गाण्याचं नाव. काही ठिकाणी ते नाव खोडून नुसतं ‘माझी’ असं लिहिलेलं. दुसऱ्या पाळीच्या गाण्याचं पान सगळ्यात मळलेलं होतं. बसची ओळ निळ्या शाईने खोडून वर हिरव्या शाईने नवी लिहिली होती. ती पॅकिंगच्या टेबलावर उभ्याने काम करते, मशीन एका लयीत चालतं, शब्द तिथे सुचतात. ते विसरू नयेत म्हणून मनात घोळवत घरी येते आणि पोरीच्या अभ्यासाशेजारी बसून उतरवते. आई बीड जिल्ह्यातली, जात्यावर गाणारी. ‘तिला लिहिता येत नव्हतं, तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या,’ एवढंच ती त्याबद्दल बोलली.

मग मी शेवटच्या कडव्याबद्दल विचारलं. सुरुवातीच्या गाण्यांत तिचं नाव नव्हतं. पुढे घातलं तेव्हा एक गोष्ट घडली. दुसऱ्या एका पार्टीने तिचं गाणं उचललं आणि शेवटच्या कडव्यात आपल्या गायकाचं नाव बसवलं. हिचं नाव तीन अक्षरी, त्याचंही तीन अक्षरी, मात्रेला कुठे धक्का नाही. तिच्याच गल्लीत, तिच्याच समोर ते गाणं त्या नावाने वाजलं. ‘भांडले नाही,’ ती म्हणाली. ‘घरी आले आणि यमकच नावावर बांधलं.’ तिने पान दाखवलं. शेवटच्या कडव्यात आता सगळ्या ओळी तिच्या नावाला जुळतात. नाव काढलं तर अख्खं कडवं कोसळतं.

मला तिथेच जनाबाई आठवली, सोयराबाई आठवली. जनाबाई अभंगाच्या शेवटी नामदेवाची दासी म्हणून येते, सोयराबाई चोखोबाची बायको म्हणून. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या दोघींनी आपला शब्द आपला म्हणून राखला तो त्या शेवटच्या चरणात. त्यांना कुणाची तरी म्हणून यावं लागलं. ही मात्र एकटी येते, तीन अक्षरांची, कुणाची न होता. मी हे तिला बोलून दाखवलं. तिने वही मिटली आणि म्हणाली, ‘सोयराबाईचे अभंग असतील तर पाठवा. चाल लावते.’

भाचीला ध्वनिमुद्रणाबद्दल विचारायचं होतं. स्टुडिओ तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, पार्टीला एकदम रजा मिळत नाही, पण दिवाळीपर्यंत तीन गाणी करायची असं तिचं ठरलंय. ती बोलत असतानाच शेजारच्या मंडळाचे खजिनदार आले. साठीचे, निळी टोपी, बगलेत डायरी. बुद्धपौर्णिमेची सुपारी द्यायची होती. रकमेवर थोडी ओढाताण झाली, ती लवकर मिटली. खरा खोळंबा बॅनरवर झाला.

‘बॅनरवर काय टाकता?’ तिने विचारलं.

‘सुप्रसिद्ध गायिका. नेहमीसारखं.’

‘गीतकार पण टाका काका.’

‘जागा कुठंय ताई? पाहुण्यांची नावं आहेत, फोटो आहेत.’

‘मग सुप्रसिद्ध काढा,’ ती म्हणाली. ‘गीतकार, संगीतकार, गायिका. तिन्ही.’

काकांनी तिच्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडेही पाहिलं. भाची म्हणाली, ‘काका, आम्ही कल्याणहून गाणं ऐकून आलोय, ह्यांनी लिहिलेलं.’ त्यांनी डायरी गुडघ्यावर ठेवली, तिने सांगितलं त्या क्रमाने तिन्ही शब्द लिहून घेतले आणि वाचून दाखवले. मग आगाऊ हजार रुपये मोजून तिच्या हातात ठेवले. आम्ही बुद्धपौर्णिमेची वेळ आणि गल्लीचं नाव विचारून घेतलं, भाचीने ते फोनमध्ये टाकलं, आणि बावीस नंबरच्या नाक्यावर ठाणे स्टेशनची रिक्षा मिळते का ते बघायला निघालो.